भरतीची नदी आणि काठची शहरे : महाड-चिपळूणच्या पुरांचा एक अभ्यास

डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून निघाले ते सडकेने नव्हे. ‘पद्मावती’ या बोटीने ते समुद्रमार्गे आले, सावित्रीच्या खाडीत शिरले, २५ डिसेंबरला दुपारी दासगावच्या बंदरात उतरले आणि तेथून सुमारे पाच मैल पायी चालत महाडला पोहोचले. हा प्रसंग आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्यातील भूगोल मात्र सहसा कोणी उलगडून सांगत नाही. दासगाव समुद्रकिनाऱ्यावर नाही. सागराच्या मुखापासून कित्येक मैल आत, डोंगरांच्या कुशीत, सावित्री नदीच्या काठी ते वसले आहे. तेथपर्यंत समुद्रावरची बोट आली कशी?

ती भरतीच्या पाण्यावर आली. कोकणातील नद्यांच्या खालच्या भागात समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते आणि दोनदा परत जाते. बोटी त्या वेळा पाहूनच खाडीत वर चढत आणि उतरत. त्या वर्षी २४ डिसेंबरला अमावास्या होती. म्हणजे २५ तारखेची भरती उधाणाची होती. ज्या भरतीने ती बोट दासगावपर्यंत आणली, तीच भरती आषाढ-श्रावणात महाडच्या पुराच्या पाण्याला समुद्राकडे जाऊ देत नाही. या लेखाचा विषय तोच आहे.

अमडापूरच्या शाळेच्या स्मरणिकेत कोकणातील पुराचा अभ्यास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि आपल्या वसतिगृहातील बहुतेक मुलांनी भरती-ओहोटी डोळ्यांनी पाहिलेली नसते. परंतु आपले माजी विद्यार्थी आज मुंबई, पनवेल, सुरत, चिपळूण अशा ठिकाणी नोकरी-व्यवसायानिमित्त राहतात. महाडला तर आपल्या समाजातील माणूस आयुष्यात एकदा तरी जातोच. शिवाय पाण्याच्या मार्गाने पाहिले तर बुलढाणा जिल्हा समुद्रापासून तितकासा तुटलेला नाही. त्याचा उलगडा पुढे येईल.

आधी भरतीचा हिशेब समजून घेऊ. चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे समुद्राचे पाणी फुगते व ओसरते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, म्हणून भरतीची वेळ दररोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेच्या आसपास चंद्र-सूर्याचे बळ एकत्र येते आणि भरती मोठी असते; तिला उधाणाची भरती म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ती लहान असते. ती भांगाची भरती. कोकणातील जुनी माणसे घड्याळ किंवा छापील तक्ता न पाहता तिथीची पाऊणपट करून भरतीचा तास काढतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकतो, पण गणित न शिकलेल्या खलाशालाही तो तोंडपाठ असे. वर्गात आम्ही भरती-ओहोटीचा धडा शिकविताना आता याच पाऊणपटीने आरंभ करतो. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी पाहून मुले भराभर उत्तरे देतात.

हा तास किनाऱ्यावरचा. नदीच्या मुखातून आत शिरलेली भरती वर वर जाताना मागे पडत जाते. त्यामुळे खाडीच्या आतल्या गावात ती किनाऱ्यापेक्षा उशिरा पोहोचते. बाणकोटला पाणी उतरू लागलेले असताना आत ते चढतच असते. ज्या शहराला पुराचा धोका आहे त्या शहराच्या धक्क्यावरची भरतीची वेळ स्वतंत्रपणे मोजून ठेवली पाहिजे, मुंबईच्या तक्त्यावर विसंबून चालत नाही. ही गोष्ट लहान वाटते, पण संकटाच्या रात्री एक-दीड तासाचे मोल फार असते.

आता नदीकडे वळू. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते. त्याच डोंगरमाथ्यावरून कृष्णा, कोयना, वेण्णा पूर्वेकडे जातात, सावित्री मात्र पश्चिमेकडे कडा उतरते. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर. तेथून पोलादपूरमार्गे महाडला येईपर्यंत नदी ती जवळजवळ सारी उंची उतरून जाते. पुढे महाडपासून समुद्रापर्यंत नदीमार्गे पन्नास किलोमीटरच्या आसपास अंतर राहते आणि उतार मात्र काही मीटरांचाच उरतो. जिना धावत उतरून आलेल्या माणसाला एकाएकी गर्दीच्या अरुंद बोळात शिरावे लागावे, तशी या पाण्याची गत होते. त्यातच काळ व गांधारी या नद्या महाडच्याच परिसरात सावित्रीला येऊन मिळतात. तीन नद्यांचे पाणी एकत्र यावे, तेथेच उतार संपावा आणि समोरून समुद्र वर चढत यावा, अशा जागी हे शहर आहे. जुन्या काळी ती जागा निवडली गेली ती व्यापारासाठी. घाटावरचा माल उतरायचा आणि गलबतात चढायचा तो येथेच. शहराचे भाग्य आणि शहराचे संकट एकाच कारणातून निघाले आहे.

२२ जुलै २०२१ या दिवशी काय झाले ते या पार्श्वभूमीवर पाहावे. २३ जुलैच्या सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वर येथे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या बुलढाणा जिल्ह्यात सबंध वर्षात साधारण सातशे ते आठशे मिलिमीटर पाऊस पडतो हे लक्षात घेतले, तर आपला पाऊण वर्षाचा पाऊस तेथे एका दिवसात पडला असे म्हणता येईल. एक चौरस किलोमीटर जागेवर ५९४ मिलिमीटर पाऊस म्हणजे ५९ कोटी ४० लाख लिटर पाणी. सावित्रीच्या वरच्या खोऱ्यात असे चौरस किलोमीटर शेकड्यांनी मोजावे लागतात. सर्वत्र इतकाच पाऊस झाला असे नव्हे, परंतु पाण्याच्या राशीची कल्पना यावी म्हणून हा हिशेब मांडला.

त्या दिवशी आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. दोन दिवसांवर आषाढी पौर्णिमा, ज्या दिवसापासून भिक्खूंचा वर्षावास सुरू होतो. तेराची पाऊणपट पावणेदहा; म्हणजे किनाऱ्यावर सकाळी व पुन्हा रात्री दहाच्या आगेमागे भरती, तीही उधाणाकडे झुकलेली. महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. दक्षिणेकडे वाशिष्ठीच्या काठी चिपळूणमध्येही पाणी घराघरांच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढले, मुंबई-गोवा महामार्गावरील जुन्या पुलाची वाट खचली, आणि पाणी शिरलेल्या एका कोविड रुग्णालयात वीज गेल्यानंतर रुग्ण दगावल्याच्या वृत्ताने सारे राज्य हळहळले.

भरतीमुळे पूर आला, असे त्या वेळी अनेकांनी म्हटले. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे. भरती पूर आणत नाही. ती पुराला उतरू देत नाही. नदीतून दर सेकंदाला किती पाणी जाते याचा हिशेब सोपा आहे : प्रवाहाचा आडवा छेद गुणिले पाण्याचा वेग. समोरून समुद्राचे पाणी चढले की वेग मंदावतो. वेग निम्मा झाला आणि मागून येणारे पाणी तितकेच राहिले, तर छेद दुप्पट व्हावा लागतो. पात्र रुंद होऊ शकत नाही, म्हणून पाणी उंच चढते आणि काठ ओलांडते. परंतु भरती काही तासांनी उलटते. चिपळूण व महाडमध्ये पाणी एका भरतीपेक्षा पुष्कळ अधिक काळ थांबले. याचा अर्थ ओहोटी लागल्यानंतरही त्याला मोकळी वाट मिळाली नाही. चंद्राला दोष देऊन मोकळे होणे सोयीचे असते, कारण चंद्राकडून जाब घेता येत नाही. वाट अडविणाऱ्या ज्या गोष्टी माणसांच्या हातच्या आहेत, त्यांकडे पाहणे अधिक उपयोगाचे.

पहिली गोष्ट गाळाची. सह्याद्रीच्या उतारावरील झाडी कमी झाली, डोंगर पोखरले गेले, रस्त्यांसाठी कडे फोडले गेले, की प्रत्येक पावसाळ्यात माती, वाळू व दगडगोटे नदीत उतरतात. जोपर्यंत उतार आहे तोपर्यंत पाणी त्यांना ढकलीत नेते. उतार संपला की ते तेथेच टाकते. सावित्रीच्या पात्रात अशी बेटे साचली आहेत. स्थानिक लोक त्यांना जुटे म्हणतात. त्यांच्यावर गवत व झुडपे वाढतात, मुळांनी माती घट्ट धरली जाते आणि काही वर्षांत जुटे नदीचा कायमचा भाग असल्यासारखे दिसू लागते. २०२१ नंतर महाडच्या नागरिकांनी ही जुटी काढण्याची मागणी लावून धरली. चिपळूणमध्येही वाशिष्ठी व तिला मिळणारी शिवनदी गाळमुक्त करण्यासाठी नागरिकांनी उपोषण केले, आणि पुढे दोन्हीकडे गाळ उपसण्याची कामे झाली.

हे काम आवश्यकच आहे. परंतु त्याची मर्यादाही समजून घ्यावी. प्रवाहाच्या मधोमध उभे असलेले जुटे काढले तर लाभ तात्काळ होतो. उलट ज्या ठिकाणी पात्राचा तळ आधीच समुद्रसपाटीच्या खाली आहे, तेथे आणखी खोल खणून पुराचे पाणी साठविण्याची जागा वाढत नाही. तो खड्डा भरतीच्या पाण्याने आधीच भरलेला असतो. पाणी वाहून जाण्यास त्याचा काहीसा उपयोग होतो, पण त्याच खोल पात्रातून भरतीही अधिक वर चढते. शिवाय उपसलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला, तर पुढच्या पावसाळ्यात तो पुन्हा पात्रात उतरतो. नदीतून काढलेला गाळ नदीच्या नजरेआड गेला पाहिजे. आणि वरच्या डोंगरावर बांधबंदिस्ती व वृक्षाच्छादन झाले नाही, तर गाळ काढणे हे गळक्या छपराखाली दरवर्षी बादली रिकामी करण्यासारखे होऊन बसते. आपल्या भागातील शेतकऱ्याला समतल चर आणि माथा ते पायथा हे तत्त्व समजावून सांगावे लागत नाही. कोकणात त्याच तत्त्वाचे प्रयोजन निराळे आहे. आपण पाणी अडवितो ते जिरावे म्हणून. तेथे माती अडवायची ती खाली शहरापर्यंत पोहोचू नये म्हणून.

दुसरी गोष्ट भरावांची व पुलांची. रस्ता किंवा लोहमार्ग नदीच्या पूरमैदानातून न्यायचा असेल तर मातीचा उंच भराव घालून मधे पूल बांधणे सर्वांत स्वस्त पडते. कोरड्या दिवसांत त्याचे काही वाटत नाही. महापुरात मात्र नदी केवळ पात्रातून वाहत नाही, सगळ्या मैदानावरून वाहते. तेव्हा तो भराव धरणाच्या भिंतीसारखा आडवा येतो आणि सारे पाणी पुलाच्या मोजक्या गाळ्यांतून जाण्याची धडपड करते. दासगावजवळील रेल्वेमार्गाच्या भरावाबद्दल महाडकरांची तक्रार हीच आहे आणि तेथे पाण्याला अधिक मोऱ्या व गाळे द्यावेत अशी त्यांची मागणी आहे. तिचे तांत्रिक मोजमाप अभियंत्यांनी करावे. परंतु तत्त्व म्हणून ही मागणी पूर्णपणे योग्य आहे, असे आम्हांस वाटते. पुलाची दुसरी बाजू याच नदीने २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दाखवून दिली. महाडजवळील ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात कोसळला, एस. टी. च्या दोन गाड्या व अन्य वाहने प्रवाशांसह वाहून गेली. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. इतक्या तत्परतेने पूल होऊ शकतो हे त्यावरून कळले. जुन्या पुलांची तपासणी तितक्याच तत्परतेने का होऊ नये, हा प्रश्नही त्याच वेळी उभा राहिला.

चिपळूणच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. कोयना ही पूर्ववाहिनी नदी. तरी तिच्या धरणातील काही पाणी बोगद्यांतून सह्याद्रीच्या पश्चिमेस आणून त्यावर वीज निर्माण केली जाते. पोफळी व कोळकेवाडी येथून पुढे ते पाणी वाशिष्ठीत सोडले जाते. त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही वाशिष्ठी वाहती असते आणि परिसराला त्याचा लाभ मिळतो. मात्र अतिवृष्टीच्या दिवशी नदी आधीच तुडुंब असताना, त्यातही भरतीच्या तासाला, हे पाणी तिच्यात येणे शहराला परवडणारे नाही. २०२१ च्या पुरात या पाण्याचा वाटा किती यावर पुष्कळ वाद झाला. वादाचा निकाल काहीही असो, वीजनिर्मितीचे वेळापत्रक आणि भरतीचे वेळापत्रक एकाच टेबलावर ठेवून निर्णय व्हावा, एवढे तरी निर्विवाद असावे. भरतीची वेळ वर्षभर आधी सांगता येते. निसर्गातील फार थोड्या गोष्टी इतक्या आधी कळतात.

चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचा येथे उल्लेख करावासा वाटतो. १८६४ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयाला २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांचा फटका बसला. शाळा चालविणाऱ्यांना भिजलेल्या पुस्तकाचे दुःख वेगळे सांगावे लागत नाही. सखल भागातील प्रत्येक शाळेने, ग्रंथालयाने व ग्रामपंचायतीने आपले दप्तर तळमजल्यावर ठेवू नये, हा धडा फुकटात मिळालेला नाही.

आता वस्तीचा प्रश्न. महाराष्ट्रात नदीकाठच्या जमिनीवर दोन पूररेषा आखण्याची पद्धत आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामास मनाई असते; निळ्या व लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात अटींवर बांधकाम होऊ शकते. या शब्दांचा अर्थ लोक बहुधा चुकीचा घेतात. शंभर वर्षांतून एकदा म्हणजे एकदा पूर येऊन गेला की पुढची शंभर वर्षे निर्धास्त राहावे, असे नव्हे. दरवर्षी त्याची शक्यता शंभरात एक असते, मग मागच्या वर्षी तो आलेला असो वा नसो. निळ्या रेषेच्या पुराची शक्यता दरवर्षी शंभरात चार. घरासाठी तीस वर्षांचे कर्ज काढले, तर तेवढ्या काळात निळ्या रेषेचा पूर निदान एकदा येण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास निघते, आणि लाल रेषेच्या पुराची सव्वीस टक्के. घर घेताना आपण दिशा पाहतो, शेजार पाहतो, स्टेशनचे अंतर पाहतो. पूररेषेचा नकाशा पाहणारा विरळा.

चिपळूणमध्ये पूररेषा आखल्या गेल्या तेव्हा त्यांना मोठा विरोध झाला, कारण शहराचा बराचसा भाग त्या रेषांच्या आत आला. हा विरोध केवळ अज्ञानातून आलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांचे घर एका रेघेने बांधकामास अपात्र ठरत असेल, तर माणूस अस्वस्थ होणारच. आणि येथेच आमच्या समाजाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा येतो. कोणत्याही शहरात सखल जागा स्वस्त असते. गावाची उंच, कोरडी जागा कोणाकडे गेली आणि ओढ्याकाठची, नाल्याकाठची, दलदलीची जागा कोणाच्या वाट्याला आली, याचा इतिहास आपणांस नव्याने सांगण्याची गरज नाही. गावाबाहेर राहणाऱ्यांचे वंशज शहरात गेले तेव्हाही त्यांना परवडली ती नाल्याकाठचीच जागा. म्हणून पूररेषेचा नकाशा हा निव्वळ अभियांत्रिकीचा कागद नाही. त्या रेषेच्या आतील गरिबांना पर्यायी जागा त्यांच्या कामाच्या व शाळांच्या जवळ मिळाली, तरच ती रेषा न्याय्य ठरेल. नाही तर एकाच रेषेने धनिकांचे बांधकाम दंड भरून नियमित होते आणि गरिबाचे छप्पर उठते.

जगात यासाठी काय केले जाते याचीही माहिती असावी. लंडनला थेम्स नदी भरतीची आहे. तेथे १९८२ पासून नदीच्या आडवे प्रचंड हलते दरवाजे कार्यरत आहेत. ते मुख्यतः समुद्राच्या तुफानी लाटेसाठी आहेत. परंतु वरच्या भागात नदीला पूर आला असेल तर ओहोटीच्या वेळीच ते बंद करून भरतीला बाहेर ठेवले जाते, म्हणजे पुराच्या पाण्याला आत जागा राहते. नेदरलँड्समध्ये १९९३ व १९९५ मधील मोठ्या पुरांनंतर नुसते तट उंच करीत राहण्याचे धोरण अपुरे मानून ‘नदीला जागा’ देण्याचे धोरण आले. नायमेगेन शहरासमोर नदीचा तट सुमारे ३५० मीटर मागे घेतला गेला आणि पाण्यासाठी जादा पात्र खोदले गेले. सावित्रीवर लंडनसारखे दरवाजे बांधणे आम्हांस व्यवहार्य वाटत नाही. खर्च अफाट, गाळ मोठा, आणि मासेमारी व होड्यांची वाट अडेल ती वेगळीच. नदीला जागा देण्याचे तत्त्व मात्र येथे लागू पडते. महाड-चिपळूणच्या खाली नदीकाठी जी मोकळी शेते, खाजणे आणि कांदळवने शिल्लक आहेत, ती भराव टाकून बुजवू न देणे हाच त्याचा आपल्याकडील सर्वांत स्वस्त अवतार होय.

थेम्सच्या दरवाज्याचा लहान भाऊ तर कोकणात पूर्वापार आहे. खारभूमीतील शेतकरी भातशेतीत खारे पाणी शिरू नये म्हणून बांध घालतात आणि त्यात उघाडी बसवितात. ही एका बाजूने उघडणारी झडप. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते. ओहोटी लागली की आतल्या पावसाच्या पाण्याच्या दाबाने उघडते. ना वीज, ना चालक. नदीत उतरणाऱ्या शहरातील प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी अशी झडप असेल, तर मध्यम पुरात नदीचे पाणी नाल्यावाटे उलटे गल्लीत शिरणार नाही. मात्र झडप मिटलेली असताना शहरावर पडणारा पाऊस आत तुंबतो. त्यासाठी पंप आणि थोडे साठवण-तळे लागते. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दुपारी भरती होती. त्यानंतर मुंबईत समुद्राकडे पाणी उपसून टाकणारी जी उदंचन केंद्रे उभारण्यात आली, त्यांमागे हेच गणित आहे. महापुरात काठच बुडाला की झडप निरुपयोगी ठरते, हेही सांगितले पाहिजे.

आता बुलढाण्याचा धागा. आपला जिल्हा दोन खोऱ्यांच्या सीमेवर बसला आहे. दक्षिणेकडील पैनगंगेचे पाणी वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला जाते. उत्तरेकडील पूर्णेचे पाणी भुसावळजवळ हतनूर येथे तापीला मिळते, उकाई धरणात जाते आणि तेथून सुरत शहरातून अरबी समुद्राला. सुरत हेही भरतीच्या नदीवरचे शहर. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या खोऱ्यात मोठा पाऊस झाला, उकाई भरत आले आणि अखेर सुमारे नऊ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले. ९ ऑगस्टला श्रावणी पौर्णिमा, म्हणजे समुद्राला उधाण. सुरतेचा मोठा भाग बुडाला आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. विदर्भ-खानदेशातून तेथे गेलेले हजारो मराठी कामगार ज्या पाण्यात सापडले, त्यात काही पाणी त्यांच्याच गावच्या शिवारावर पडलेले होते.

उकाईच्या अनुभवातून मिळालेला धडा धरणाच्या कारभाराचा आहे. धरण सिंचनासाठी व विजेसाठी भरलेले हवे, पुरासाठी रिकामे हवे. दोन्ही एकाच वेळी साधत नाही. म्हणून पावसाळ्याच्या कोणत्या तारखेला किती पातळी ठेवावी याचा तक्ता काटेकोरपणे पाळावा लागतो, आणि वरच्या खोऱ्यात पाऊस सुरू होताच, शहराचे पात्र सहन करील एवढे पाणी आधीपासून सोडीत राहावे लागते. शेवटच्या क्षणी सारे दरवाजे उघडण्यापेक्षा दोन दिवस आधी थोडे थोडे पाणी सोडणे नेहमीच श्रेयस्कर, आणि ते ओहोटीच्या तासांशी जुळविता आले तर अधिकच.

बांधकामे होतील तेव्हा होतील. पूर्वसूचना मात्र याच वर्षी सुधारता येते. महाबळेश्वर-पोलादपूरकडे पडलेला पाऊस महाडला पोहोचण्यास काही तास लागतात. तेवढ्यात वरच्या पर्जन्यमापकाचा आकडा, नदीवरील पातळी आणि भरतीची स्थानिक वेळ या तीन गोष्टी एकत्र करून लोकांना सांगता आल्या, तर माणसे वाचतात, गुरे वाचतात, दुकानातील मालही बराचसा वाचतो. ‘अतिवृष्टीचा इशारा’ एवढ्याने सामान्य माणसाला काही उमगत नाही. ‘आज रात्री अकरापर्यंत पाणी अमुक चौकापर्यंत येईल’ असे सांगितले तर तो उठून कामाला लागतो. त्यासाठी शहरातील विजेच्या खांबांवर मागील पुरांच्या पातळीच्या खुणा रंगविणे, हा अगदी थोड्या खर्चाचा उपाय आहे. भोंगा, विहारातील ध्वनिक्षेपक, मशिदीचा व मंदिराचा ध्वनिक्षेपक, असे जे असेल ते वापरावे. मोबाइलचे मनोरे पुरात सर्वांत आधी बंद पडतात, असा अनुभव आहे.

जे माजी विद्यार्थी अशा शहरांत राहतात त्यांना आमचे काही सांगणे आहे. घर तळमजल्यावर असेल तर विजेचे मीटर व मुख्य खटका मागील पुराच्या खुणेच्या वर बसवून घ्यावा. जातीचे दाखले, शाळेचे दाखले, जमिनीचे कागद हे सारे प्लॅस्टिकच्या एकाच पिशवीत, घरातील सर्वांत उंच जागी ठेवावे. हरवलेला जातीचा दाखला पुन्हा मिळविताना होणारा त्रास आपल्यापैकी अनेकांनी भोगला आहे. घरात म्हातारे, गरोदर स्त्री किंवा आजारी माणूस असेल तर पाणी दिसण्याची वाट न पाहता, इशारा मिळताच त्यांना उंच जागेवरच्या नातेवाइकांकडे पोहोचवावे. जुलै-ऑगस्टमधील अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागचे तीन-तीन दिवस दिनदर्शिकेवर लाल शाईने खुणावून ठेवावेत, आणि त्या दिवसांत घाटमाथ्यावर अतिवृष्टीचा इशारा आला तर रात्री मोबाइल पूर्ण भरून उशाशी ठेवावा.

सुरतेला असलेल्यांनी याखेरीज हतनूरच्या दरवाज्यांच्या बातमीवर लक्ष ठेवावे. ती बातमी जळगाव-बुलढाण्याच्या वर्तमानपत्रांत आणि येथील लोकांच्या तोंडी आधी येते. पूर्णा दुथडी भरून वाहू लागली की ती मोताळा, मलकापूर, नांदुरा या बाजूच्या आपल्या माणसांना डोळ्यांनी दिसते. ते पाणी उकाईत जाऊन पुढे सुरतेला पोहोचण्यास वेळ लागतो, फोन मात्र क्षणात लागतो. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत सुरतेला राहणाऱ्यांची नावे व क्रमांक या वर्षी वेगळे काढून ठेवण्यात येत आहेत. पूर्णाकाठच्या पालकांनी वसतिगृहाच्या कार्यालयातून ती यादी मागून न्यावी.